शेवटच्या कडव्यातलं नाव

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'बंडाचा आवाज' असा कळवला आणि माझ्या वाट्याला बॉब मार्ले दिला. त्याचे अल्बम, त्यांची घडण, जगभरातला त्यांचा प्रवास, असं काहीतरी ऐसपैस लिहा म्हणाले. मार्ले मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलोय. पण दिवाळी अंकाच्या मानधनात किंग्स्टनचं तिकीट बसत नाही, महाडचं बसतं. आणि मार्लेच्या तबकड्या मराठी कानांनी ऐकायच्या तर महाडहून बरी जागा मला सुचलीही नाही.

गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांच्या पतवंडांनी आपला इतिहास आपल्याच चालीत बांधला, तो ठेक्यावर नाचत ऐकला आणि जगालाही ऐकवला, हे जमैकात रेगेने केलं. आपल्याकडे हे काम भीमगीतांनी केलं. दोन्हीकडे गाणं आधी रस्त्यावर आलं आणि मग स्टुडिओत गेलं. वाटा फुटतात त्या पुढे. तबकडीवर नाव कुणाचं छापलं, माल कुणी विकला आणि जपून कुणी ठेवला, इथे किंग्स्टन आणि महाड यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला तोच बघायचा होता.

वीस मार्चची पेठ

सभा, ओंजळीतलं पाणी, नंतर गावातल्यांनी शेण-गोमूत्राने केलेलं चवदार तळ्याचं 'शुद्धीकरण', त्याच १९२७ सालच्या २५ डिसेंबरला झालेलं मनुस्मृतीचं दहन आणि थेट १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने दिलेला निकाल, हा क्रम शाळेच्या पुस्तकात आहे. तो पुन्हा सांगत बसत नाही. पण गाणं बांधणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर महाडच्या सत्याग्रहात काय नाही? तळं आहे, तहान आहे, उन्हाळा आहे. दासगावच्या बंदरात उतरणारी बोट आहे. नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस आहेत, मनुस्मृतीविरुद्धचा ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे आहेत, डिसेंबरच्या परिषदेला गावात कुणी जागा देईना तेव्हा आपली जमीन देणारे फत्तेखान आहेत. परिषदेसाठी गावोगाव राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे आहेत. त्याच्याही आधी, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर याच भागातल्या रावढळचे. शाहिराला आणखी काय पाहिजे?

वीस मार्चला महाडच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. गाड्या गावाबाहेर थांबवतात, तिथून निळे झेंडे घेऊन चालत यायचं, तळ्याच्या पायऱ्यांवर जायचं, मधल्या पुतळ्याकडे बघून हात जोडायचे, पाणी डोळ्यांना लावायचं, मग क्रांतिस्तंभाकडे. दोन्ही बाजूंना दुकानं लागलेली असतात. बाबासाहेबांच्या भाषण-लेखनाचे जाडजूड खंड, पातळ पुस्तिका, पंचशील ध्वज, बुद्धाच्या मूर्ती, बिल्ले, फेटे, दिनदर्शिका. भोजनदानाच्या रांगा आणि पाण्याचे पिंप. आणि दर दहा पावलांवर एक स्पीकर.

या स्पीकरवाल्यांमधला एक जण बराच वेळ माझ्याशी बोलला, गिऱ्हाईक आलं की तोडून, गेलं की जिथे तोडलं तिथून. वडिलांपासूनचा धंदा. त्याचं वर्ष आपल्या कॅलेंडरने चालतच नाही. एक जानेवारीला भीमा कोरेगाव, वीस मार्चला महाड, चौदा एप्रिलला जिथे बोलावणं असेल तिथे, दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, पंचवीस डिसेंबरला पुन्हा महाड. "बाकीचे दिवस काय, घरीच," तो म्हणाला. वडील बाजेवर कॅसेटी मांडून बसायचे आणि शेजारी एक टेपरेकॉर्डर, गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायला. मग व्हीसीडी आल्या, मग एमपीथ्रीची एकच तबकडी, तीत शंभर गाणी. आता पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड.

महाडचं गणित त्याने मला समजावून सांगितलं. नागपूरला माणूस रात्र काढतो, सावकाश फिरून घेतो. महाडला माणसं सकाळी येतात, उन्हात तळ्यावर जाऊन येतात, जेवतात आणि परतीची गाडी सुटायच्या आधी त्यांच्याकडे अर्धा-पाऊण तास उरतो. धंदा त्याच वेळेत. चार स्पीकर एकावर एक चढलेले असताना गिऱ्हाइकाला गाणं ऐकू जायला हवं म्हणून तो मुखडा वाजवतो, फार तर पहिलं कडवं, आणि पुढचं गाणं लावतो. दिवसभरात शेकडो गाणी वाजतात. शेवटपर्यंत एकही नाही. हे मी तेव्हा नुसतं वहीत टिपून ठेवलं होतं.

किंग्स्टनचे भोंगे

जमैकातही रेगेच्या आधी भोंगेच आले. १९५०च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये घरी रेडिओ-ग्रामोफोन परवडणारी माणसं थोडी. तेव्हा ट्रकवर लादलेले माणसाएवढे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि तबकड्या घेऊन फिरणारे 'साउंड सिस्टिम'वाले उघड्या अंगणात नाच लावायचे. दोन साउंडवाल्यांची जुंपली की ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेलं गाणं, त्याच्याकडे गर्दी. अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या पुरेनात म्हणून त्यांनी स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली. क्लेमंट 'कॉक्सन' डॉड हा असाच एक साउंडवाला. त्याने १९६३ मध्ये स्टुडिओ वन उघडला, आणि ट्रेंचटाउन वस्तीतली वेलर्स नावाची पोरं तिथेच पहिल्यांदा गाजली. बॉब मार्ले, पीटर टॉश, बनी वेलर. तबकडीच्या पाठीमागच्या बाजूला पुढे शब्दांविना नुसता ठेका द्यायची पद्धत पडली, म्हणजे भोंगेवाल्याला त्यावर स्वतःचं बोलता येई.

तोवर अल्बमला फारसं महत्त्व नव्हतं. होतं ते सुटं गाणं, शनिवारी रात्रीच्या नाचासाठी. अल्बमला महत्त्व आलं ते लंडनमुळे. आयलंड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलने १९७२ मध्ये वेलर्सना चार हजार पौंडांची उचल दिली. त्यांनी किंग्स्टनमध्ये गाणी मुद्रित केली, मार्ले त्या टेप घेऊन लंडनला आला, आणि तिथे ब्लॅकवेलने त्यावर रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या श्रोत्यांना रुचेल असा हात फिरवला. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा एक गिटारवादक, वेन पर्किन्स, त्याच्याकडून वरून गिटार भरून घेतली. १९७३ मध्ये 'कॅच अ फायर' बाहेर आला. पहिल्या आवृत्तीचं वेष्टन झिपो लायटरच्या आकाराचं होतं, बिजागरीवर उघडणारं.

पुढची सात वर्षं मार्लेने जवळजवळ दरवर्षी एक अल्बम दिला. 'बर्निन', 'नॅटी ड्रेड', 'रास्तामन व्हायब्रेशन', मग १९७६ च्या डिसेंबरात त्याच्यावर घरात शिरून झालेला गोळीबार, त्यानंतर लंडनमध्ये राहून केलेला 'एक्सोडस', त्याच काळातला मवाळ सुराचा 'काया'. १९७९ चा 'सर्व्हायव्हल' मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्याच्या वेष्टनावर आफ्रिकेतल्या देशांचे झेंडे आहेत आणि आत एकही गाणं नुसतं गुणगुणायचं म्हणून नाही. १९८० ला 'अपरायझिंग', आणि ११ मे १९८१ ला छत्तिसाव्या वर्षी कर्करोगाने मृत्यू. यातला प्रत्येक अल्बम म्हणजे नऊ-दहा गाण्यांची मांडणी करून केलेलं एक विधान आहे. तोपर्यंत मार्लेकडे स्वतःचं टफ गाँग नावाचं लेबल होतं, किंग्स्टनच्या होप रोडवर स्वतःचा स्टुडिओही होता. 'सर्व्हायव्हल' तिथेच झाला.

'कॅच अ फायर' आला त्याच १९७३ साली महाराष्ट्रात वामनदादा कर्डकांचा 'वाटचाल' हा गीतसंग्रह आला. वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, मुंबईत मजुरी करताना मोठ्या वयात अक्षरं शिकले, १९४३ पासून गाणी लिहू लागले. म्हणजे पहिला संग्रह छापून येईपर्यंत तीस वर्षं त्यांची गाणी महाराष्ट्रभर गायली जात होती. लायटरच्या आकाराचं वेष्टन वगैरे सोडाच, त्यातल्या बहुतेक गाण्यांना तबकडीही मिळालेली नव्हती.

अर्धा तास ही बाजू, अर्धा तास ती

कॅसेटने ते बदललं. त्याआधी भीमगीत म्हणजे जलसा. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे जलसे १९३०च्या दशकात गावोगाव फिरत होते, आणि आपल्या दहा सभांचं काम यांचा एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणत, हे आजही प्रत्येक गायक आधी सांगतो आणि मग पेटी उघडतो. १९५६ नंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. पेटी, ढोलक, बेंजो, टाळ्या देणारा कोरस आणि कव्वालीचा बाज. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावं रात्र रात्र चालणाऱ्या मुकाबल्यांतून मोठी झाली.

१९८०च्या सुमारास टेपरेकॉर्डर स्वस्त झाला आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या ध्यानात आलं की हा श्रोता गरीब असला तरी ठरलेल्या तारखेला हमखास येतो. एच.एम.व्ही. होतीच, मग विनस आली, टी-सीरीज आली, आणि छोट्या छोट्या कितीतरी कंपन्या, त्यातल्या काही चौदा एप्रिलपुरत्या. साठ मिनिटांची कॅसेट, तीस मिनिटांच्या दोन बाजू, बाजूला चार गाणी. मुकाबल्यात चाळीस मिनिटं चालणारी कव्वाली त्यात मावणार कशी? आधीचे शेर कापले, मधली बोलणी कापली, गायकाने श्रोत्यांकडे बघून वाढवलेली आवर्तनं कापली. उरलं ते सात मिनिटांचं गाणं. पण ते गाणं आता गायकाशिवाय वाडीवर पोचू शकत होतं.

महाडमध्ये एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी अशा कॅसेटी बघायला मिळाल्या. मुखपृष्ठावर बाबासाहेब, सुटातले, निळ्या पार्श्वभूमीवर. कोपऱ्यात लंबगोलात गायकाचा फोटो, कधी गायिकेचाही. आत घडी घातलेल्या कागदावर गाण्यांची यादी. गीतकाराचं नाव असलं तर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात, आणि सगळ्या गीतकारांची नावं एकाच ओळीत, म्हणजे कुठलं गाणं कुणाचं ते कळायला मार्ग नाही. मी हातात घेतलेल्या कॅसेटींपैकी बऱ्याचशींवर तेही नव्हतं. गीतकाराला एकरकमी पैसे मिळायचे, आणि ते मिळाले तर नशीब. सिनेमावाल्यांनी लढून २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून घेतली, गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क सोडून देताच येणार नाही अशी तरतूद झाली. तोवर कॅसेटचा जमाना संपलेला होता.

एका गळ्याचे दोन कप्पे

मार्ले गेल्यावर १९८४ मध्ये कंपनीने त्याच्या निवडक गाण्यांचा 'लेजंड' काढला. आजवर त्याच्या अडीच कोटींहून जास्त प्रती खपल्या. आपल्याकडे ज्याने मार्ले ऐकलाय त्याने बहुधा 'लेजंड'च ऐकलेला असतो. त्यात प्रेम आहे, समुद्रकिनारा आहे, सगळं ठीक होईल अशी समजूत आहे. लढाऊ गाणी अगदीच नाहीत असं नाही. पण 'सर्व्हायव्हल'मधलं एकही गाणं त्यात नाही. आणि 'वॉर'सुद्धा नाही, ज्याचे शब्द इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासीने १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातून जवळजवळ जसेच्या तसे उचललेत. राजकीय भाषणाला चाल लावून नाचता येण्यासारखं गाणं करायचं, हे महाडच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, मग आम्ही दुसरं काय करतो?

असा 'लेजंड' आपणही एकाचा करून ठेवलाय. प्रल्हाद शिंदे. आषाढीला, गणपतीत, सत्यनारायणाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही मांडवात त्यांचा आवाज लागतो. विठ्ठलाची गाणी म्हटलं की तोच पहाडी, किंचित खरखरीत गळा. महाडच्या बाजारपेठेत गणपतीच्या दिवसांत मीही तो ऐकलाय. तोच गळा वीस मार्चला शेजारच्या रस्त्यावर भीमगीतं गात असतो, आणि पहिल्या रस्त्यावरच्या बहुतेक माणसांना हा दुसरा कप्पा माहीतच नसतो. शिंदे १९३३ साली मंगळवेढ्यात जन्मले, २३ जून २००४ ला गेले. वर्तमानपत्रांनी भक्तिगीतांच्या गायकाला निरोप दिला. वस्त्यांनी आपल्या गायकाला दिला. वामनदादा त्याच्या जेमतेम सव्वा महिना आधी, १५ मे रोजी, गेले होते. लिहिणारा हात आणि गाणारा गळा एकाच वर्षी गेले.

मला यात प्रल्हाद शिंद्यांचा काही दोष दिसत नाही. त्यांनी दोन्ही गाणी सारख्याच ताकदीने म्हटली. कप्पे श्रोत्यांनी केले, आणि दुकानदारांनी फळ्याही तशाच लावल्या.

मार्लेने लपवलेलं, वामनने पेरलेलं

'नो वुमन, नो क्राय' हे मार्लेचं बहुधा सगळ्यात लाडकं गाणं, १९७४ च्या 'नॅटी ड्रेड'मधलं. तबकडीवर त्याचा कर्ता म्हणून मार्लेचं नाव नाही. विन्सेंट फोर्डचं आहे. फोर्ड हा ट्रेंचटाउनचा मित्र, अपंग, वस्तीत भुकेल्यांसाठी चूल चालवणारा. 'वॉर'वरही दोन सोबत्यांची नावं आहेत, अ‍ॅलन कोल आणि कार्लटन बॅरेट. यामागची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. एक अशी की मार्लेने रॉयल्टी मित्राला मिळावी म्हणून नाव दिलं. दुसरी अशी की केमन म्युझिक या प्रकाशकाशी झालेल्या जुन्या करारातून गाणी सोडवायला त्याने ती दुसऱ्यांच्या नावावर दाखवली. हे भांडण २०१४ मध्ये लंडनच्या न्यायालयात गेलं, तेरा गाण्यांवरून, आणि केमनवाले हरले. तोवर मार्लेला जाऊन तेहेतीस वर्षं झाली होती आणि फोर्डही हयात नव्हता. मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतील असं वाटतं. चलाख माणूस उदारही असू शकतो.

भीमगीतात नेमकं उलट. गीतकार आपलं नाव गाण्यातच घालतो, शेवटच्या कडव्यात. संतांच्या अभंगात असतं तसं, पण इथे त्याला आणखी एक काम होतं. वामनदादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. गाणं नागपूरच्या गायकाने म्हणो की महाडच्या, कॅसेटवर नाव छापो की न छापो, ते नाव यमकात असं बसवलेलं असतं की काढायला गेलं तर कडवं कोसळतं. हा कुठल्याही वकिलाने न लिहिलेला करार होता. ज्याला कंपनीशी करार करायला कुणी बोलावलं नाही त्याने तो श्रोत्याशी केला. मार्लेपुढे करार होता म्हणून त्याला नाव लपवावं लागलं, वामनदादांपुढे नव्हता म्हणून त्यांना पेरावं लागलं.

आणि ते चाललं. वाडीवरच्या ज्या बाईने आयुष्यात कॅसेटच्या आतला कागद बघितला नाही तीसुद्धा सांगू शकते की हे गाणं वामनदादांचं. कसं कळलं? शेवटी येतं ना. अर्थात यातून पैसे मिळाले नाहीत. ओळख मिळाली. तेवढ्यावर वामनदादा खांद्याला झोळी लावून महाराष्ट्रभर फिरले.

पोलादपूरकडे

महाडहून पोलादपूर एसटीने तासाभराच्या आत. तिथून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, एक कशेडी घाटाने खेडकडे उतरतो. तालुका डोंगराळ, भात आणि नाचणीचा, उरलेल्या कमाईसाठी मुंबईवर अवलंबून. प्रत्येक गावाचं एक मंडळ मुंबईत, गावच्या सभा परळ-लालबाग-विक्रोळीत भरायच्या, आता विरार-दिव्यात. बौद्धवाड्यांचंही तसंच. म्हणून इथल्या वाड्यांवर भीमजयंती चौदा एप्रिलला संपत नाही, खरं तर तेव्हा सुरूही होत नाही. चाकरमानी मे महिन्यात येतात, मग वाडी वाडी तारखा वाटून घेऊन जयंती करते. आज इथे, परवा तिथे, चार वाड्या मिळून कुठे संयुक्त.

जयंतीच्या पत्रिकेत खालच्या बाजूला मोठ्या टायपात असतं, 'बुद्ध-भीमगीतांचा जंगी सामना'. दोन पार्ट्या, शक्यतो एक गायक आणि एक गायिका. सुपारी फेब्रुवारीतच दिली जाते. रात्री दहाला वंदना, मग बुद्ध, मग बाबासाहेब, रमाई, भीमा कोरेगाव, आणि चवदार तळं तर महाड तालुक्याच्या शेजारी बसून सोडणं शक्यच नाही. मध्यरात्रीनंतर सवाल-जवाब सुरू होतात. एकीने इतिहासातलं कोडं टाकायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचं, मग थट्टा, टोमणे. दहा-वीस-पन्नासच्या नोटा येतात, देणाऱ्याचं नाव, वाडी आणि मुंबईतला पत्ता माइकवर सांगावा लागतो, विसरलं तर तक्रार. ढोलकवाल्याला वेगळं बक्षीस. या भागातला शक्ती-तुऱ्याचा जाखडी नाच ज्याने बघितलाय त्याला ही रात्र ओळखीची वाटेल. तिथेही दोन पक्ष, तिथेही सवाल, तिथेही शेवटच्या कडव्यात शाहिराचं, गुरूचं आणि गावाचं नाव. वाड्या वेगळ्या, पाणवठे वेगळे होते, पण रात्र जागवायची रीत एकच.

अल्बम नावाची वस्तू या संगीतात का रुजली नाही, ते मला इथे कळलं. मार्लेने दहा गाणी एका क्रमाने लावून जे साधलं, ते इथे सामन्याच्या रात्री साधतं. क्रम ठरलेला, चढ-उतार ठरलेले, वंदनेपासून पहाटेपर्यंत. कॅसेटवर त्या रात्रीतली आठ गाणी सुटी करून भरली होती, इतकंच.

पाण्यातून निघालेल्या टेप

२०२१ च्या २२ जुलैला सावित्री आणि गांधारी महाडमध्ये शिरल्या. तळमजले बुडाले, बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं, त्याच दिवशी तळीयेला दरड कोसळली. इतक्या माणसांचा जीव गेला तिथे कॅसेटींचं कोण बोलणार? ज्यांच्या घरी मी कॅसेटी बघितल्या त्यांनीही तो विषय काढला नाही, मीच विचारलं. खोक्याने होत्या. गाळ इंचभर आत गेलेला. बऱ्याच फेकल्या. काही त्यांच्या मुलाने उघडल्या, कोपऱ्यांवरचे चार आणि मधला एक असे पाच बारीक स्क्रू काढून, फीत साध्या पाण्याने धुऊन पंख्याखाली वाळवली आणि दुसऱ्या डबीत बसवली. वाजतात? "काही वाजतात. मधेच आवाज बुडतो." कोकणातल्या कॅसेटीला तसाही पूर लागत नाही, चार पावसाळ्यांत फितीवर पांढरी बुरशी धरते आणि डेकचं हेड खराब होतं.

मार्लेच्या टेपही पाण्यात गेल्या होत्या. लंडनच्या केन्सल राइज भागातल्या एका पडक्या हॉटेलच्या तळघरात १९७४ ते ७८ मधल्या त्याच्या लंडन-पॅरिसच्या मैफलींच्या तेरा मूळ टेप ओल खात पडल्या होत्या. सापडल्यावर त्यांच्यावर वर्षभर काम झालं, पंचवीस हजार पौंड खर्च आले, आणि २०१७ मध्ये बातमी आली की तेरातल्या दहा वाचल्या. दोन कोऱ्याच होत्या आणि एक वाया गेली. वाचून मला आनंदच झाला होता. पण महाडच्या त्या घरात बसल्यावर हिशेब वेगळा लागतो. मार्लेच्या मैफलींची प्रत नसती तरी त्याचे अल्बम जगभर आहेत. इथल्या सामन्यांच्या रात्री कुणीतरी मांडवात टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेल्या, एकुलत्या एका कॅसेटवर. ती फेकली की ती रात्र गेली. रेगेला २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, त्याचं कौतुक आहेच. मला मात्र एक कोरडी खोली, एक चांगला कॅसेट डेक आणि पगारी माणूस एवढंच मागावंसं वाटतं. महाडमध्ये बाबासाहेबांच्या नावाचं राष्ट्रीय स्मारक उभं आहे, सभागृहही आहे. खोलीची अडचण नसावी.

फोल्डर

मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळतं. पोलादपूरच्या बाजारात अशा एका दुकानात संगणकावर फोल्डर उघडून दाखवला. गाण्याचं नाव, त्यापुढे डीजेचं नाव, कधी दोन डीजेंची. काही फाइलींवर गायकाचं. गीतकाराचं एकाही फाइलीवर नाही. आता यूट्यूबमुळे मुंबईच्या स्टुडिओशिवायही गायक मोठा होतो, औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गात लाखो लोकांपर्यंत गेल्या, हे चांगलंच झालं. पण मिरवणुकीत चालतो तो डीजेचा तुकडा. मुखडा, ठेका, घोषणा, पुन्हा मुखडा. तीन मिनिटांत दुसरं गाणं. शेवटचं कडवं येतच नाही. वामनदादांनी जिथे नाव पेरलं तीच जागा नेमकी कापली जाते. कापणाऱ्याच्या मनात काही नसतं, त्याला फक्त ठेका तुटू द्यायचा नसतो. महाडच्या स्पीकरवाल्यालाही गाडी सुटायच्या आत माल खपवायचा असतो.

तिथल्याच एका वाडीवरचा तरुण गायक भेटला. दिवसा महाडच्या एमआयडीसीत कामाला, उन्हाळ्यात गायन पार्टी. स्वतः लिहितोही. मी त्याला शेवटच्या कडव्याबद्दल विचारलं तर हसला. "सर, आता आम्ही नाव पहिल्याच कडव्यात घालतो. काही जण तर मुखड्यात. जुन्या लोकांना ते बरं वाटत नाही, म्हणतात गाणं संपायच्या आधी स्वतःचं नाव कसलं घेता." त्याला स्वतःलाही ते अवघड जातं. पहिल्या कडव्यात बाबासाहेबांचं नाव यायला हवं, तिथेच आपलंही आणायचं म्हणजे जरा वाईट दिसतं. म्हणून त्याने तोडगा काढलाय. आपलं नाव न घालता वाडीचं घालतो, कापलं गेलं नाही तर वाडीवाले ओळखतात.

तो बोलत असताना फोन आला. मे महिन्यातल्या एका जयंतीचे आयोजक होते. रात्री दहानंतर स्पीकर लावू देणार नाही असं पोलिसांनी सांगितलंय, तेव्हा सामना संध्याकाळी सहाला सुरू करा, असं त्यांचं म्हणणं. "सहाला माणसं कुठून आणू? सहाला बायका चुलीपाशी असतात," हा म्हणत होता. सवाल-जवाब वगळले तर दहाच्या आत बसेल, असं पलीकडून कुणीतरी सुचवलं. त्यावर त्याने सुपारीचा आकडा पुन्हा विचारला, आणि सवाल-जवाब काढायचे असतील तर समोरच्या पार्टीला बोलवताच कशाला, असंही विचारलं.